दुखणं बंद

हेमांगीने पिस्तुल नावाच्या घोड्याच्या पाठीवरून हलका हात फिरवला. दुखरी जागा आली की घोडा पापणी मिटतो. तिथेच हात ठेवून थांबायचं आणि त्याने जांभई दिली की पुढे सरकायचं, ही तिची मालिशची पद्धत. आज मागचा सांधा हाताला चांगलाच तापलेला लागला, तरी पिस्तुलची पापणी लवली नाही.

"ढेबेकाका, यालाही ती दुखणं बंद करणारी चिप बसवलीत?"

"मग! माझ्या गुडघ्यासाठी बसवली, तशीच त्याला. आता दिवसभर पळतो टेबललँडवर."

"पण याला कुठे दुखतंय ते मला कसं कळणार?"

"दुखतच नाही, तर कळायचंय काय?" काका हसले.

तेवढ्यात पिस्तुलने पुढचा पाय उचलून नेमका काकांच्या पावलावर टेकला. नाल बोटांत रुतला, चपलेखालची माती लाल झाली. काका अजून हसतच होते.

"काका, पाय!" हेमांगी ओरडली.

"कुणाचा?" काकांनी विचारलं.