बिनबटणाचा पंप

अठ्ठ्याहत्तर साली फौजेतून परतलेल्या हुसेननं मेढ्यात उन्हावर चालणाऱ्या पंपासाठी इन्व्हर्टर बनवला. ऊन घटलं तरी पंपानं थांबायचं नाही, सावकाश चालायचं. आज ढगात तो बंद पडला, तर विहिरीचे मालक लालासाहेब तिथं डिझेल इंजिन बसवणार होते. ढग आला, पंप मंदावला, पण पाणी पडतच राहिलं. "ह्यो ढग तुज्या वळखीचा असंल," म्हणत लालासाहेबांनी डोक्यावरचा पटका सोडून पॅनेलवर पसरला. धार करंगळीएवढी झाली, थांबली नाही. "मानलं गड्या! आता बंद कर, वाफं फुटत्यात." हुसेन ओशाळला, चालू ठेवण्याच्या नादात त्यानं बटणच बसवलं नव्हतं. पॅनेलवर पटक्याची चौपदरी घडी घातली, तेव्हा पंप गप्प झाला. पटका तिथंच ठेवून लालासाहेब हुसेनसोबत गावात शिरले. उघडं डोकं बघून बायांनी हंबरडाच फोडला. "आवं, कोण गेलं?" लालासाहेब म्हणाले, "डिझेल इंजान."