हातातलं वजन

"पोरीला थोडी भूक ठेवूनच ताटावरून उठवायचं. पोट तुडुंब भरलं की अंग हवेत राहत नाही."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी तंबूत पाऊल टाकलं की झुलेवालीच्या कानात त्यांचे हे बोल घुमायचेच. त्या काळी सासूबाई झुल्याच्या दांडीला उलट्या लटकून झेलायच्या आणि ही उडायची. सासूबाईंचा खांदा गेला, तशी झेलणाऱ्याची जागा हिच्याकडे आली. आता हिची लेक उडत होती. हवेत इतकी हलकी, की सर्कशीत सगळे तिला 'पीस' म्हणायचे, आणि ते ऐकून झुलेवालीचा ऊर भरून यायचा.

तिने शिडीला कपाळ टेकवलं. हा नेम तिने अंगात ताप असतानाही मोडला नव्हता. वर जाऊन दांडीला गुडघे अडकवले, डोकं खाली सोडलं. समोरून पीस सुटली. कोलांटी, वळसा, पसरलेले हात. मनगटात मनगट अडकलं.

जड. आज पुन्हा जड.

लेक बोटभर घसरली. झुलेवालीने दातावर दात दाबून तिला धरून ठेवलं, मग जाळीत अलगद सोडलं.

"अंगाने सुटत चाललीयस," खाली उतरल्यावर ती म्हणाली.

लेक हाताला पावडर चोळत राहिली. "असेन."

"असेन काय? माझ्या हातांना कळतं. या हातांतून आजवर काही निसटलेलं नाही."

"माहीत आहे, आई. अख्ख्या तंबूला माहीत आहे."

तिचं ताट झुलेवालीने कधीच कमी केलं होतं. शिवाय रोज रिंगणाभोवती पळायला लावायची. पोरगी तक्रार न करता पळायची. वर स्वतःहून वाळूच्या पिशव्या उचलायची, दंड थरथरेपर्यंत. माझं रक्त आहे, झुलेवाली मनात म्हणायची.

घोडेवालीला मात्र हे बघवेना. तिचा मुलगा जेवणाच्या नावाने पळ काढणारा. "मी माझ्याच्या मागे वाटी घेऊन धावते, आणि तू पोरीच्या तोंडातला घास काढतेस. देव तरी कुणाकुणाचं ऐकेल, बाई?"

"तुझा घोड्यावर बसतो. घोडा कुरकुरत नाही."

"कुरकुरतो ना. त्याच्यासाठी ठेवलेलं गाजर माझ्या पोरानेच खाल्लं की."

दोघी हसल्या. तेवढ्यात मालक आला. नव्या गावातला पहिला खेळ तोंडावर आला होता.

"सकाळी पोरगी घसरताना पाहिली मी," तो म्हणाला. "जड झाली असेल तर उड्या वगळतो. विदूषक दोनदा येईल."

"विदूषक दोनदा आला तर लोक रडत घरी जातील," झुलेवाली म्हणाली. "उड्या होणार. सासूबाईंपासूनचा खेळ आहे तो. माझ्या हातून नाही बंद पडणार."

तो गेल्यावर ती तडक भटारखान्यात गेली. आचारी भांडी घासत होता.

"पोरगी तुझ्याकडे येते?"

आचाऱ्याने मान वर केली नाही. "तू तिचं ताट आवरलंस तेव्हापासून मागच्या दाराने येते. अंडी, उकडलेले बटाटे, पातेलंभर दूध. मी नाही म्हणायचो. पण ती अशी मागते, की हात आपोआप पुढे होतो."

मागच्या दाराशी पायरीवर लेक बसली होती. ओठांवर दुधाची मिशी, हातात अंडं. झुलेवाली तिच्यासमोर उभी राहिली. पोरीचे खांदे सदऱ्याच्या शिवणीतून बाहेर येऊ पाहत होते. रागवायला तोंड उघडलं, पण आवाज उतरला.

"एवढी भूक लागते तुला?"

"लागत नाही. खाते."

"बाळा, तू जड झालीस तर हा खेळ संपला. तू, मी, सगळंच. हे खाणं बंद कर. त्याबदल्यात काय हवं ते माग."

"काहीही?"

"शब्द दिला."

लेकीने अंडं तोंडात टाकलं, ओठ पुसले. "मग आजपासून बंद. पुरे झालंय तसंही."

"काय पुरे झालंय?"

"हवं तेवढं अंग कमावलंय. आणि मागणं उद्या सांगेन, सरावाला."

दुसऱ्या दिवशी झुलेवाली तंबूत आली तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. जाळी ताणून बांधलेली होती. लेक आधीच वर होती, झेलणाऱ्याच्या दांडीवर.

"ती माझी जागा आहे. उतर."

लेकीने गुडघे अडकवले, डोकं खाली सोडलं, दोन्ही हात पसरले. दांडी जराही हलली नाही. त्या खांद्यांना अख्खा तंबू टांगला असता तरी तो राहिला असता.

"तू मला पहिल्यांदा जड म्हणालीस ना, आई," ती उलट्या तोंडाने हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी घोड्यांचा चारा तोलायच्या काट्यावर जाऊन उभी राहिले. वजन आधी होतं तेवढंच भरलं."

झुलेवालीने स्वतःचे तळवे उलटून पाहिले.

"मी कुणाला सांगितलेलं नाही. खायला तेव्हापासून लागले. कालचं मागणं आता मागते. ये."

झुलेवालीने लेकीकडे डोळे भरून पाहिलं. मग हातांना पावडर लावली, केस घट्ट बांधले, आणि रिंगण ओलांडून समोरची, उडणाऱ्यांची शिडी चढू लागली.