काचेबाहेर

अंबडच्या कॉम्प्युटर दुकानात सुमितनं लॅपटॉप उघडला, तशी दैवशाला पुढं झुकली. पडद्यावर लाल पट्टी होती. कोरोनात नवऱ्यानं दवाखान्यातून पाठवलेला, पेनड्राइव्हात जपलेला अखेरचा आवाज त्या पट्टीआड गेला होता, अन् दुसरीकडं कुठंच नव्हता.

“पेनड्राइव्ह कुणाला दिल्ता का, काकू?”

“पुतण्याच्या हळदीत, गाणे वाजवायला. गावभर फिरला.”

“मंग तिथूनच लागण घेऊन आला. अँटीव्हायरसनं फाइल धरली अन् आत कोंडली.”

“गेली का रे, बाबा?”

“न्हाई, हाय आतच. पण बाहेर सोडली तं तुमच्या अर्पिताचा हा लॅपटॉप बसंल. तिची परीक्षा यावरच हाय ना?”

“आत ठिवूनच ऐकव. मी दुरून ऐकते.”

“कोंडलेली फाइल वाजत न्हाई, काकू. अन् महिन्याभरानं आपोआप पुसली जाते. सोडू, का पुसून टाकू?”

दैवशालानं लाल पट्टीवर बोट टेकवलं. दवाखान्यातबी असंच विचारलं होतं. भेटायचं तर भेटा, पण लागण घरी न्याल. घरी तेव्हा बारा वर्षांची अर्पिता एकटी होती. दैवशाला काचेबाहेरच थांबली, पदराचा बोळा तोंडात धरून. आतून त्यानं हात हलवला होता.

“पुसून टाक,” ती म्हणाली.

सुमितनं बटन दाबलं. दैवशालाचे ओठ हलत राहिले. रोज ऐकून ओवीसारखा पाठ झाला होता तो आवाज: “तू आत आली न्हाईस, बराबर केलंस. पोरीला जप.”