शिंकेच्या आधीचा फोटो

"बघ, नीट बघ. चेहऱ्यावरच लिहिलंय, जिवाला कंटाळली होती बिचारी," आई मुलीला म्हणाली आणि तिने भिंतीकडे बोट केलं.

बिचारी तिच्या शेजारीच उभी होती. शाळेची बस चालवणारी बाई. वजन उतरवायच्या ऑपरेशनला वर्ष झालं म्हणून तपासणीला आलेली. दवाखान्याच्या त्या भिंतीवर चौकटींच्या जोड्या लावलेल्या होत्या. डावीकडे ऑपरेशनच्या आधीचा माणूस, उजवीकडे तोच माणूस नंतरचा. उजवीकडचे सगळे दात दाखवत होते आणि डावीकडच्यांच्या तोंडावर बारा वाजलेले. ड्रायव्हरबाईंनी स्वतःची डावी चौकट आज पहिल्यांदाच पाहिली आणि त्यांचं पित्त खवळलं.

"कंटाळली कोण? ही?" त्या म्हणाल्या. "अहो, ही शिंक आहे."

आईने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. हनुवटीवरचा तीळ जुळला तशी ती ओशाळली. मुलगी मात्र पुढे सरकली. बावीस-तेवीसची असेल, अंगाने चांगली भरलेली, खुर्चीच्या दोन हातांमध्ये अवघडून बसलेली. तिचं ऑपरेशन दहा दिवसांवर आलं होतं.

"शिंक कशी काय, मावशी?"

"अगं, फोटोच्या आदल्या दिवशी इथल्या आहाराच्या मॅडम म्हणाल्या, केस विंचरू नका, जुनापुराणा कुर्ता घाला आणि अजिबात हसू नका. मी वेणी घालून, गणवेशाला इस्त्री करूनच आले. आणि हसू नका म्हटलं की मला जास्तच येतं. दहा फोटो काढले, दहाही हसरे. अकराव्याला शिंक आली. नेमका तोच लावलाय शहाण्यांनी."

मुलीला हसू आलं नाही. "माझा आज काढणार आहेत," ती म्हणाली. "मलाही तसंच सांगितलंय. मी अशी नाहीये हो. असं तोंड करून भिंतीवर टांगून घ्यायचं असेल तर मला ते ऑपरेशनच नको."

"ऐकलंत?" आईने कपाळाला हात लावला. "आठवडाभर पातळ पिऊन काढला, सगळ्या तपासण्या झाल्या, आणि आता एका फोटोपायी घरी चल म्हणते."

ड्रायव्हरबाईंनी हात वर करून चौकट खिळ्यावरून उतरवली. तेवढ्यात आहाराचं बघणाऱ्या मॅडम कागद सावरत बाहेर आल्या.

"अहो ताई, हे काय? ती दवाखान्याची आहे."

"चौकट दवाखान्याची. आतली बाई माझी. उरलेले दहा फोटो आहेत ना तुमच्याकडे? त्यातला एक छापून आणा."

मॅडम समजावणीच्या सुरात आल्या. "हसऱ्या फोटोत फरक दिसत नाही हो. लोक विचारतात, एवढी मजेत होती तर ऑपरेशन केलं कशाला?"

"गाडी चालवायला केलं!" बाईंचा आवाज चढला. बाकावरचे चार-पाच जण कान टवकारून बसले. "पोट आणि स्टिअरिंग यांच्यात बोटभर जागा उरली नव्हती. झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरलं नाही तर गाडीवर बसू देणार नाही. म्हणून केलं. स्वतःची लाज वाटली म्हणून नाही. अठरा वर्षं त्याच अंगाने गाडी हाकली मी, एका पोराला ओरखडा आला नाही. आणि फरक दाखवायचाय ना? मग सगळा दाखवा. वाटीभर जेवण अर्धा तास चावत बसते. एक घास जास्त झाला की तसाच वर येतो. कंगवा फिरवला की पुंजका हातात. दंडाची कातडी लोंबते, म्हणून उजव्या फोटोत मला लांब बाह्या घालायला लावल्यात तुम्ही."

"हळू बोला ना, पेशंट घाबरतील."

"घाबरू देत. खरं ऐकून घाबरलेलं माणूस सावरतं. मी घाबरले नव्हते की काय? तरी पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करेन. पण तोंड पाडून नाही." चौकट मांडीवर घेऊन बाई खुर्चीत बसल्या. "माझी बस दोन वाजता निघते. तोवर मी इथून हलत नाही."

मॅडमनी डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं, बाकावरच्या लोकांकडे पाहिलं आणि पाय आपटत आत गेल्या. दहा मिनिटांनी त्यांनी एक फोटो आणून बाईंच्या हातात ठेवला.

त्यात एक भलीमोठी बाई डोळे बारीक करून, मान मागे टाकून हसत होती. वेणी घट्ट घातलेली, अंगात गणवेशाचा इस्त्रीचा कुर्ता. पुढचा एक दात किंचित तिरका होता तोही दिसत होता. आईसुद्धा वाकून बघायला लागली.

मुलीने चौकट मागून घेतली. मागचा पुठ्ठा उचकटून शिंकेचा फोटो बाहेर काढला, हा आत सरकवला आणि काच कुर्त्याच्या टोकाने पुसली.

"किती वेगळ्या दिसायचात तुम्ही," ती म्हणाली. "आता ही बाई राहिलीच नाही ना, मावशी?"

बाईंनी चौकट तिच्या हातातून घेतली आणि उठून खिळ्याला अडकवली. जरा तिरकी लागली होती, ती बोटाने सरळ केली.

"ऑपरेशनच्या दिवशी हिचे पाय लटपटत होते," त्या म्हणाल्या. "तरी टेबलापर्यंत चालत गेली ती हीच. मी काय, त्या टेबलावरून आयती उठले."