अलार्म क्रमांक सतरा

"हीच थीम घ्यायची," साहेब म्हणाले. पडद्यावर काळ्याभोर पानात निळ्या लाटा हलत होत्या आणि त्यांतून करडी अक्षरं सावकाश वर येत होती. "बघा, कशी श्रीमंत दिसते!"

"दिसते ना," मास्तरीण म्हणाली. "वाचता येत नाही, एवढंच."

डायलिसिसच्या मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी. मशीन कसं चालवायचं, अडलं तर काय करायचं, ती सगळी पानं या मास्तरणीने लिहिलेली. येताजाता सगळ्यांच्या चुका काढते, म्हणून ऑफिसने तिचं नावच मास्तरीण पाडलं होतं. त्या पानांच्या वेबसाइटसाठी तिने निवडलेली थीम आज सगळ्यांनी हसण्यावारी नेली होती. पांढरं पान, काळी ठसठशीत अक्षरं, वर शोधायची चौकट. बस्स.

"अहो, ही थीम आहे की शाळेची वही?" साहेब म्हणाले. "हॉस्पिटलवाले बघतील आणि जांभया देतील."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिची थोरली बहीण याच मशीनवर नर्स होती. हातात ग्लोव्ह्ज, समोर पेशंट आणि कानाशी अलार्म. मास्तरीण उठली, कोपऱ्यातल्या नमुन्याच्या मशीनपाशी गेली आणि नळीला सरळ चिमटा लावला.

अलार्म असा काही कोकलला की सगळे दचकले. मशीनवर आकडा लुकलुकू लागला: १७.

"आता हा थांबवायचा कसा, ते तुमच्या पानावर शोधा, साहेब."

साहेबांनी बोट फिरवलं. लाटा हलल्या. पुन्हा फिरवलं. शोधायची चौकट काही केल्या सापडेना, आणि अक्षरं आपली अजून वर येतच होती.

"अहो, बंद करा ते आधी!"

"मी नाही करणार," ती हाताची घडी घालून म्हणाली. "वॉर्डात मी नसते."

साहेब घामाघूम झाले. मग तिने आपला लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सतरा टाकलं. दोनच ओळी आल्या. ओळीखाली बोट धरून, पहिलीतल्या पोरासारखं त्यांनी मोठ्याने वाचलं, "नळी मोकळी करा. मग पिवळं बटण दाबा."

त्यांनी चिमटा काढला, बटण दाबलं. अलार्म थांबला.

"ठीक आहे हो," साहेब कपाळ पुसत म्हणाले, "पण लोक जांभया देतील त्याचं काय?"

"देऊ देत की. पेशंटलाही देऊ द्या," मास्तरीण म्हणाली. "जांभई द्यायला माणूस जिवंत लागतो."