बंगल्यांवरची पट्टी

सभागृहाच्या जिन्यातच बिल्डर दफ्तरींनी नगरसेविका शालन खरातला गाठलं. “वहिनी, भाऊंना आजच पुण्याला हलवू. डायलिसिसचा सगळा खर्च माझा. फक्त आज हात वर करू नका.”

टेकडीवर दफ्तरींसारख्या बड्यांचे बंगले होते. त्यांच्यावर जादा घरपट्टी बसवून नगरपालिकेचं बंद पडलेलं डायलिसिस केंद्र पुन्हा सुरू करायचं, हा ठराव शालननंच मांडला होता. पण पट्टी वसूल होऊन यंत्रं यायला दिवाळी उजाडणार होती, आणि नवऱ्याला तर सकाळपासूनच धाप लागली होती.

“ठरावाच्या बाजूनं कोण?” नगराध्यक्षांनी विचारलं. शालननं दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले. ठराव एका मतानं पडला.

बाहेर पायऱ्यांवर रुग्णांच्या घरची माणसं ताटकळत बसली होती. शालनचा रडवेला चेहरा पाहूनच ती काय ते समजली. केंद्रात तिच्या नवऱ्याच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी असायची. तिची आई उठून पुढं आली आणि शालनचे डोळे आपल्या पदरानं पुसू लागली.

“रडू नका ताई. तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत.”