डिस्कमधला आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर बाबांनी महिनाभर आपलं बोलणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. कॉम्प्युटर एकच, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम दोन : जुनी बाबांची, नवी लेकीची. रेकॉर्डिंग जुन्या सिस्टिमच्या डिस्कवर होतं, पण ते वापरून बाबांच्या आवाजात बोलणारा प्रोग्राम नव्या सिस्टिमवरच चालायचा. बाबा घरी आले, लेकीने तो लावला, तर पडद्यावर आलं : 'डिस्कमध्ये बिघाड. दुरुस्त करू? काही फाइल्स पुसल्या जातील.'

बाबांनी वहीत लिहिलं, 'कर.'

"थांबा हो!" लेकीने माऊसवरचा हात मागे घेतला. "दवाखान्यात जाताना तुमची सिस्टिम नीट बंद केली होती?"

बाबांनी नुसते खांदे उडवले.

म्हणजे डिस्क बिघडली नव्हती; पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेली जुनी सिस्टिमच ती अडवून बसली असणार. लेकीने जीव मुठीत धरून जुनी सिस्टिम चालू केली, पूर्ण बंद केली, मग नव्या सिस्टिममधून रेकॉर्डिंगची पहिली फाइल उघडली.

"हॅलो, हॅलो! माझा आवाज येतोय का?" स्पीकरमधून बाबा खणखणीत बोलले.

"येतोय हो, ओरडताय कशाला?" स्वयंपाकघरातून आई सवयीने म्हणाली.

आणि मग आतला वाहता नळ एकदम बंद झाला.